कापड पाहणारी

सुरतेत तापीच्या काठी एका नवाबाचा महाल होता. नवाब गेले, नवाबी गेली, आणि महालात सरकारनं संग्रहालय मांडलं. खाली तलवारी, पालख्या, हुक्के आणि भुसा भरलेला एक वाघ. रविवारी पोरंसोरं त्या वाघासाठी गर्दी करत. वरच्या मजल्यावर, जिथं पूर्वी जनाना होता, तिथं संशोधकांसाठी ग्रंथालय होतं. तिथं वाघ नसल्यामुळे गर्दीही नसे. जाड चष्म्याचे चार-दोन अभ्यासक येत, जुने कागद मागवत आणि दिवसभर मान खाली घालून बसत. त्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी, फाटक्या कागदांची दुरुस्ती चाले. ती करणारी बाई म्हणजे आपली पार्वती.

आपण तिला आपली म्हणू, कारण महालाच्या कागदोपत्री तिला कोणी आपली म्हटलं नव्हतं. १९८१ साली ती झाडू घेऊन जिना चढली आणि हजेरीपटावर ती अजून झाडूवालीच होती. म्हाताऱ्या किसनकाकांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी तिला पान धरायला बसवलं, मग खळ शिजवायला, मग ब्रश हातात दिला. मैद्याची पातळ खळ, किडा लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद. फाटक्या पानावर रेशमी शिफॉन अंथरायचं, इतकं तलम की अक्षर त्यातून वाचता यावं. आणि वरून मऊ ब्रशनं खळ फिरवायची. काका गेले आणि खोली पार्वतीची झाली. सकाळी नऊपर्यंत झाडलोट, नऊनंतर नवाबाच्या सनदा, असं तिचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

ग्रंथपाल होते जरीवालासाहेब. आडनाव जरीवाला, घराणं अस्सल सुरती, फार्सी तोंडपाठ. पण कापडातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. बायकोसाठी रेशमी म्हणून आणलेली साडी त्यांना दोनदा परत करावी लागली होती, आणि हे ते स्वतःच हसत सांगत. म्हणून शिफॉनचं पार्सल बाहेरगावाहून आलं की ते आधी पार्वतीपुढे ठेवत. तिचा नवरा हिलाल लिंबायतच्या कारखान्यात वीस वर्षं माग चालवत होता, ती स्वतः गोडादऱ्याच्या वस्तीत राहत्या घरी साड्यांचे धागे कापून देई. कापड चिमटीत धरून चोळलं की तिला त्याची जातकुळी कळे. खोटं असलं तर ती दोन शब्दांत सांगे. खरं असलं तर काही न बोलता घडी घालून कपाटात ठेवून देई. ८९ साली तिनं अख्खं पार्सल परत पाठवायला लावलं होतं. साहेब गुजरातीत बोलत, ती मराठीत उत्तर देई, आणि कापडाच्या बाबतीत तर तेवढंही लागत नसे. पार्वती बोलली नाही म्हणजे कापड पास, अशी रीतच पडून गेली होती.

तिच्या मनात सल होता तो एकच. दुरुस्तीचं एक रजिस्टर असे. कागद कोणता, कधी हाती घेतला, कधी झाला, आणि शेवटच्या रकान्यात 'कोणी केले'. त्या रकान्यात साहेब चौदा वर्षं एकच शब्द लिहीत आले होते: 'विभागीय'. झाडूवालीनं नवाबाच्या सनदेला हात लावला हे कागदावर दिसलं तर वरचे अधिकारी कान धरतील, ही त्यांची भीती. पार्वती गावी चौथीपर्यंत शिकलेली. गुजराती अक्षरं तिनं फायलींवरच्या पट्ट्या वाचून उचलली होती. 'विभागीय' तिला लांबूनही ओळखू येई आणि दर वेळी काळजाला चिमटा बसे. पगारवाढ तिनं कधी मागितली नाही. त्या रकान्यात एकदा तरी आपलं नाव यावं, एवढंच तिला हवं होतं.

आणि ते कोणत्या कागदासमोर यावं हेही तिनं ठरवून ठेवलं होतं. कपाटात सर्वांत वरच्या कप्प्यात, मलमलीत बांधलेली एक वही होती. बावीस पानांची. एका बेगमेनं जनान्यात राबणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव आणि काम स्वतःच्या हातानं तीत लिहून ठेवलं होतं. एका पावसाळ्यात तापीला पूर येऊन अभ्यासक फिरकेनात, तेव्हा साहेबांनी तिला पहिली चार पानं वाचून दाखवली होती. रोशन, पडद्यांना अत्तर लावणारी. हुस्ना, पानाला चुना लावणारी. जिवली, केसांतला गुंता काढणारी. पार्वती ऐकत राहिली. एवढी मोठी बेगम, आणि गुंता काढणारीचं नाव लिहिते! वही इतकी जीर्ण झाली होती की पान उलटताना श्वास धरावा लागे. फोटो काढायचे तेसुद्धा दुरुस्ती झाल्यावरच, असं ठरलं होतं. साहेब म्हणाले होते, "पार्वतीबेन, दिल्लीहून अनुदान आलं की ही वही तुम्हीच करायची." त्यालाही आता सात वर्षं झाली होती, आणि सात वर्षं पार्वती मनातल्या मनात मांडे खात होती.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर अनुदान आलं. त्याच्याबरोबर नूतन आली.

नूतन सोनवणे, वय वर्षं तेवीस. माणसं मूळची पारोळ्याची, बाप उधन्याला रेल्वेत कारकून. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. मागाची खटखट तिच्या कानावर पडली असेल तर रस्त्यानं जाता-येता. दिल्लीला सहा महिन्यांचा कोर्स करून आली होती. पहिल्याच दिवशी तिनं पार्वतीला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मावशी, मला सगळं शिकवशो ने? म्हणजे... शिकवाल ना?" मराठी बोलता बोलता तिची गाडी अशी गुजरातीच्या रुळावर जाई. पार्वतीला त्या दिवशी ती आवडली, हे खरं आहे. पुढचं सांगण्याआधी हे सांगून ठेवलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी नूतननं पिशवीतून पांढरा कोट काढून अंगात घातला. खिशावर निळ्या दोऱ्यानं नाव भरलेलं होतं: नूतन सोनवणे. पार्वतीची नजर त्या निळ्या अक्षरांवर गेली आणि तिथंच चिकटली. चौदा वर्षं राबून जे तिला रजिस्टरात मिळालं नव्हतं, ते ही पोरगी छातीवर मिरवत आली होती.

तिथून पार्वतीला पोरीचं सगळंच डोळ्यांत खुपायला लागलं. तिला वाकवता येणारा नवा दिवा मिळाला, तो खुपला. साहेब तिला 'नूतनबेन' म्हणत, तेवीस वर्षांच्या पोरीला, तेही खुपलं. हिवाळ्यात साहेब घरून पोंक आणत, हुरडा आणि वर लिंबू-मिरीची शेव. इतकी वर्षं डबा आधी पार्वतीपुढे यायचा. आता साहेब डबा उघडून विचारत, "नूतनबेन, दिल्लीत असा पोंक मिळाला का?" आणि मग तो पार्वतीकडे सरके. पार्वती म्हणे, "माझा उपास आहे." आठवड्यात चार उपास झाले, तरी कोणाच्या लक्षात आलं नाही.

पोरीचा हात वाईट असता तर निदान नाक मुरडता आलं असतं. पण हात सरळ होता, ब्रश हलका होता, आणि शिकायची हौस दांडगी. "मावशी, तुम्ही खळ एवढी पातळ कशी काय ठेवता?" ती विचारी आणि वहीत लिहून घेई. पार्वतीला वाटे, ही आपल्याकडूनच सगळं लुबाडतेय आणि उद्या आपल्यालाच शिकवेल. ती उत्तरं तोडून द्यायला लागली. मग 'हं' म्हणायला लागली. मग तेही सोडलं.

जानेवारीच्या दुसऱ्या तारखेला साहेबांनी वरच्या कप्प्यातून मलमलीची पुरचुंडी काढली आणि नूतनच्या टेबलावर ठेवली. पार्वती खळ ढवळत होती. तिचा हात थांबला.

"पार्वतीबेन," साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले, "अनुदानाची अटच आहे. प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचाच हात लागला पाहिजे. सव्वीस जानेवारीला प्रदर्शन आहे, निदान आठ पानं तरी मांडायची आहेत. खळ तुमचीच. देखरेखही तुमची."

"बरं," पार्वती म्हणाली. आतून तिच्या अंगाची लाही लाही होत होती. तिला साहेबांचा राग यायला हवा होता, कारण शब्द त्यांनी मोडला होता. पण साहेबांवर रागवायची चौदा वर्षांत सवय नव्हती. तो सगळा राग उतारावरच्या पाण्यासारखा नूतनकडे वाहत गेला.

त्यात शिफॉनचं पार्सल वेळेवर आलं नाही. साहेबांनी रिंगरोडच्या कापडबाजारात एका ओळखीच्या दुकानदाराला निरोप धाडला आणि त्यानं पाच मीटर कापड पाठवलं, चिठ्ठीसकट: एकदम प्युअर रेशीम. दिल्लीच्या कोर्समध्ये नूतनला शिफॉन कपाटातून, आधीच तपासलेलं मिळायचं. खोटं शिफॉन तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ती कापड दोन्ही हातांवर घेऊन पार्वतीपाशी आली.

"मावशी, जरा बघता?"

पार्वतीनं चिमटीत धरून चोळलं. थंडीचे दिवस, कापड बारीक तडतडलं आणि तिच्या मनगटावरची लव उभी राहिली. पॉलिएस्टर. गोडादऱ्याच्या कोणत्याही शेंबड्या पोरीनं सांगितलं असतं. असल्या कापडाच्या साड्यांचे हजारो धागे तिनं कापले होते. त्यावर मैद्याची खळ वरवर बसते, आत धरत नाही; दोन दिवस बरी दिसते, आणि वाळून उचलली की कागदावरचं अक्षर ओढत उचलते.

नूतन उभीच होती. पार्वतीनं तोंड उघडलं. 'खोटं आहे' एवढे दोनच शब्द. तेवढ्यात नूतन जरा वाकली आणि खिशावरची ती निळी अक्षरं पार्वतीच्या नाकासमोर आली.

पार्वतीनं तोंड मिटलं. कापड सोडलं आणि पुन्हा खळ ढवळू लागली.

"थँक यू, मावशी," नूतन म्हणाली आणि गेली.

मी हो म्हटलं नाही, नाहीसुद्धा म्हटलं नाही, पार्वतीनं स्वतःला समजावलं. आपली रीत आपली आणि साहेबांची. या पोरीला ती काय ठाऊक? कोर्स केलाय ना, मग कळू दे तिचं तिला.

निघताना तिनं जमिनीवर पडलेली एक चिंधी उचलून पदरात बांधली. घरी चूल पेटवली आणि चिंधीचं टोक जाळावर धरलं. रेशीम जळतं तेव्हा केस जळल्याचा वास येतो आणि बोटांनी राख भुरभुरते. ही चिंधी वितळली, आखडली आणि तिचा काळा कडक मणी झाला.

हिलाल पाळीवरून येऊन हातपाय धूत होता. घरी दोघं गावाकडच्या बोलीत बोलत. "काय जाळी राह्यनी वं?"

"काही नही. कापड खोटं शे. साहेबना वहीले लावतस ते."

"मंग सांगी टाक ना."

"मी कसाले सांगू? कोर्स करेल शे ती."

हिलालनं पंचानं तोंड पुसलं. "तू त्या पोरनं नाव आते सपनमा बी लेस," तो म्हणाला. "जेव आते."

पार्वती जेवली नाही. तो काळा मणी तिनं कोनाड्यात ठेवला आणि जाता-येता त्याच्याकडे बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात नूतननं तीन पानं केली. काय सुंदर दिसत होती! कापड पाण्यासारखं नितळ, बेगमेचं प्रत्येक अक्षर त्यातून वर आलेलं. साहेब भिंग घेऊन वाकले आणि "वाह, वाह" म्हणाले. पार्वतीनं इतकी वर्षं पानं केली, पण साहेब तिला 'बराबर' म्हणत; 'वाह' तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. तिला वाटलं, म्हणा किती वाह म्हणायचं ते. आणि त्याच वेळी तिला ते बघवेना, कारण दुसऱ्या पानावर रोशन होती, तिसऱ्यावर जिवली, आणि त्या दोघींच्या अंगावर हे प्लॅस्टिक चढलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच मनात होत्या. रोज नऊ वाजता ती ठरवी की आज सांगू. मग नूतन येई, कोट चढवी, आणि पार्वतीची जीभ टाळ्याला चिकटे.

तेराला संध्याकाळी पानं वजनाखाली ठेवून खोली बंद झाली. चौदा-पंधरा उत्तरायणाची सुट्टी. अख्खी सुरत गच्चीवर, वर पतंग, खाली उंधियो. हिलाल शेजाऱ्यांबरोबर पत्र्यावर चढून "काप्यो छे!" म्हणून ओरडत होता. पार्वती आत बसून त्या खोलीचा विचार करत होती, जिथं आता कोणी नव्हतं आणि खळ वाळत होती.

सोळाला वजनं उचलली. तिन्ही पानांची कापडं कडेनं सुटून वर आली होती. तिसऱ्या पानाच्या कापडाला खालून काळे कण चिकटलेले स्पष्ट दिसत होते. कागदावर जिथं शाई होती तिथं मध्येच कोरी जागा.

नूतननं आरडाओरडा केला नाही. ती खिडकीपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले. साहेब येऊन बघून गेले, परत आले, घाम पुसत पुन्हा बघून गेले. "खळ बिघडली का?" त्यांनी विचारलं.

पार्वतीनं खळीच्या पातेल्याकडे पाहिलं. खळ तिची होती.

"नाही साहेब," नूतन भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "खळ मावशींच्या हातची आहे, ती बिघडेल कशी? माझाच हात बसलेला नाही. तुम्ही दिल्लीला कळवून टाका. मी पात्र नाही म्हणून." आणि तिनं कोट काढला, घडी घातली आणि पिशवीत कोंबला.

साहेब पार्वतीच्या टेबलापाशी आले. हातात वहीची पुरचुंडी आणि नवं रजिस्टर.

"पार्वतीबेन, माझंच चुकलं. दिलेला शब्द मोडला. ही वही तुम्हीच करा. आणि या वेळी रजिस्टरात तुमचं नाव घालतो. वरच्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत."

चौदा वर्षांचं मागणं असं टेबलावर येऊन पडलं. पार्वतीला आनंद झाला. खोटं कशाला बोला, त्या क्षणी तिला खरंच आनंद झाला. पोरीची पिशवी भरलेली, वही आपल्यापुढे, आणि रकान्यात आपलं नाव. ते नाव कुठं येणार ती जागा तरी बघावी म्हणून तिनं रजिस्टर उघडलं.

रजिस्टर नवं होतं, अनुदानाचं. पहिल्याच पानावर तीन ओळी होत्या. बेगमेची वही, पान एक, पान दोन, पान तीन. 'कोणी केले' खाली तिन्ही ठिकाणी नूतन सोनवणे. आणि त्यापुढे, पट्टी ठेवून निळ्या पेननं आखलेला एक जास्तीचा रकाना होता, जो आधीच्या कोणत्याही रजिस्टरात नव्हता. 'कापड कोणी पाहिले'. खाली तीन वेळा, गोल गुजराती अक्षरांत: पार्वतीबेन. पार्वतीबेन. पार्वतीबेन.

"हे काय?" तिनं विचारलं.

"ते नूतनबेननं आखलं," साहेब म्हणाले. "पहिल्या दिवशीच मी तिला सांगितलं होतं, कापड पार्वतीबेनना दाखवल्याशिवाय लावायचं नाही, त्या बोलल्या नाहीत म्हणजे पास. तर ती म्हणाली, मग त्यांचं नाव कुठं लिहायचं? मी म्हटलं, तसा रकाना नाही. म्हणाली, मग आखूया." ते ओशाळून हसले. "चौदा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं."

पार्वतीनं त्या तीन नावांवरून बोट फिरवलं. याच्यासाठी ती जळत होती. आणि ते केव्हाचं इथं लिहिलेलं होतं, तिला जिचा मत्सर वाटत होता तिच्याच हातचं. तेही अशा कापडासमोर, जे तिनं ओळखलं होतं आणि गिळून टाकलं होतं. रजिस्टर बंद करून गप्प बसली असती तर कोणाला कधी कळलं नसतं. साहेबांना कापडातलं काही कळत नव्हतं, पोरगी स्वतःलाच दोष देत होती, आणि तो काळा मणी गोडादऱ्याच्या घरात कोनाड्यात होता.

"साहेब," ती म्हणाली, "पोरीचा हात चांगला आहे. कापड खोटं आहे. पॉलिएस्टर आहे ते."

"काय सांगता? मग तुम्हाला..."

"मला चिमटीत धरल्याबरोबर कळलं होतं. घरी नेऊन जाळूनही पाहिलं. मी मुद्दाम बोलले नाही." तिला वाटलं होतं, एवढं बोलून मोकळं होता येईल. पण साहेब तिच्याकडेच बघत होते, म्हणून उरलेलंही बोलावं लागलं. "मला तिचा हेवा वाटत होता. ती आल्यापासून. तिच्या कोटावरच्या नावाचा, तुमच्या पोंकाचा, सगळ्याचा. मला वाटलं, तोंडावर पडेल ती. वहीचं काय होईल ते मला कळत होतं, तरी मी बोलले नाही."

साहेब हळूच खुर्चीत बसले. खिडकीपाशी नूतन वळून उभी होती. तिचे डोळे लाल होते, पण रडणं थांबलं होतं. ती पार्वतीकडे असं बघत होती, जसं आपण चुकीच्या घरात शिरल्यावर बघतो.

"आधी पानं सोडवली पाहिजेत," शेवटी नूतनच म्हणाली. तिनं पिशवीतून कोट काढून पुन्हा अंगात घातला.

दिवसभर तिघं त्या तीन पानांवर वाकून होती. ओला टिपकागद ठेवायचा, खळ सैल होऊ द्यायची, आणि केसाकेसानं कापड उचलायचं. पार्वतीचा ब्रश, नूतनची चिमटी, साहेबांचं भिंग. कामापुरतं बोलणं. पहिलं पान सुटलं, दुसरंही सुटलं, रोशन बचावली. तिसऱ्या पानावर शेवटच्या दोन ओळी कापडाबरोबर गेल्या. कापडाच्या पोटाला चिकटलेल्या त्या काळ्या कणांतून साहेबांनी अर्धा तास काही वाचायचा प्रयत्न केला आणि भिंग खाली ठेवलं.

"दोन बायका गेल्या," ते म्हणाले. "मला नावं आठवत नाहीत. एकदाच वाचली होती."

"एक जिवली," पार्वती म्हणाली. "केसांतला गुंता काढणारी. तिच्या खाली अजून एक होती." तिनं डोळे मिटले, त्या पावसाळ्यातली ती दुपार आठवली, साहेबांचा आवाज आठवला, पागोळ्या आठवल्या. खालची बाई काही केल्या आठवेना.

साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं. शेरा लिहायला हवा होता. त्यांनी पेन उघडलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, पेन पार्वतीपुढे केलं. तिनं ते घेतलं. चौथीतल्या वळणाची मोठी मोठी अक्षरं, गुजराती नोंदींखाली मराठीत: 'कापड खोटं होतं. पार्वतीनं पाहिलं होतं. बोलली नाही.' लिहायला तिला बराच वेळ लागला. बेन तिनं लावलं नाही.

साहेबांनी ते वर कळवलं की नाही, हे सांगता येत नाही. नूतन मात्र गेली नाही. प्रदर्शनात आठ पानांऐवजी दोनच पानं मांडली, आणि लोक खाली वाघच बघून गेले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शिफॉनचं खरं पार्सल आलं. पार्वती खिडकीपाशी खळ ढवळत होती. नूतननं दोरी कापली, कापड दोन्ही हातांवर घेतलं आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पार्वतीबेन," ती म्हणाली.

सोळा जानेवारीपासून तिनं मावशी म्हणणं सोडलं होतं. पार्वतीनं हात पुसून कापड चिमटीत धरलं आणि चोळलं. मऊ, किंचित उबदार, तडतड नाही. अस्सल. बऱ्याच दिवसांनी असं कापड बोटांना लागलं होतं. तिनं सवयीप्रमाणे ते काही न बोलता सोडलं आणि खळीकडे वळली.

नूतन हलली नाही. कापड हातांवर धरून ती तशीच उभी राहिली. पार्वतीनं वर पाहिलं.

"तोंडानं सांगा," नूतन म्हणाली.